अडीचाव्या मजल्यावरची ओपीडी

बटण वाचली. तिला नेमकं काय झालंय ते कळलं, योग्य ते औषध सुरू झालं, आणि हे सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध, अडकलेल्या लिफ्टमध्ये घडलं. कारण तिथे दोन डॉक्टर कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलले.

तर हे काही घडलंच नाही. हॉस्पिटलचं म्हणणं असं, की त्या दिवशी लिफ्ट एकदाही अडकली नव्हती. थायरॉइडवाले डॉक्टर म्हणतात, आपण जिन्याने गेलो होतो. ते जिना चढताना आजवर कुणाला दिसलेले नाहीत, पण मोठ्या माणसाचा शब्द आहे, मोडवत नाही. शुगरवाल्या मॅडमना तो दिवसच आठवत नाही. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू, आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगू.

बटण हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी कुणी नुसतं बोट लावलं तरी ही वाजायची, म्हणून घरात सगळे बटण म्हणायला लागले. पुढे ती लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामाला लागली हा निव्वळ योगायोग. आई मात्र तो अशा थाटात सांगायची, जणू नोकरी तिनेच लावून दिली.

या हॉस्पिटलच्या लिफ्ट बटण आणि मामा असे दोघं मिळून सांभाळायचे. मामा कुणाचेच मामा नव्हते. लिफ्टच्या कामात केस पिकले की माणूस आपोआप मामा होतो. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, मोटारीच्या घरघरीत, दोघांचा संसार होता: एक स्टूल, दोन पाने, ग्रीसचा डबा आणि दिवसभराच्या शिव्या. शिव्या बहुतेक बटणच्या.

तीन वर्षांपूर्वी तिचा गळा सुजला आणि झोप काही केल्या पुरेना. ती उभ्याउभ्या, पाना हातात धरून झोपायला लागली. मामा म्हणाले, "अगं, एक तर डॉक्टरकडे जा, नाहीतर पाना तरी खाली ठेव, माझ्या पायावर पडेल." काम इथलंच, आजारही इथेच दाखवायचा, म्हणजे रजेचा प्रश्न मिटला. ती दुसऱ्या मजल्यावर गेली.

थायरॉइडवाल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि छान समजावून सांगितलं. शरीरात पहारेकऱ्यांची एक फौज असते, ती बाहेरच्या रोगांशी लढते. बटणच्या फौजेचं डोकं फिरलंय आणि ती बटणच्याच थायरॉइडवर तुटून पडलीय. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, आयुष्यभर.

"का फिरलं डोकं?" बटणने विचारलं.

"असं होतं."

"मग उद्या आणखी कशावर तुटून पडली तर?"

"तू गोळी घे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

हा प्रश्न लक्षात ठेवा. बटणने ठेवला होता.

या वर्षी तहान सुरू झाली. साधीसुधी नव्हे, बाटली रिकामी करून ती बाटलीकडेच संशयाने बघायची. मग बाथरूमच्या फेऱ्या. मग वजन असं उतरायला लागलं, की हत्यारांच्या पट्ट्याला तिने स्क्रूड्रायव्हरने नवी भोकं पाडली आणि शेवटी भोकं पाडायला पट्टाच उरला नाही. रक्तात साखर निघाली. ती तिसऱ्या मजल्यावर गेली.

शुगरवाल्या मॅडम कागदाकडे बघून बोलत. कागद त्यांना नीट उत्तरं देत असावा.

"गोड बंद. चालणं वाढवा. या गोळ्या."

"मॅडम, मी दिवसभर जिने चढउतार करते."

"मग अजून करा."

"मला थायरॉइडही आहे."

"ते खाली," मॅडम म्हणाल्या. जणू बटणचा गळा ती दुसऱ्या मजल्यावर ठेवूनच वर आली होती.

आता इथे थोडं मागे जायला हवं. पूर्वी हे दोन्ही विभाग एकच होते, एकाच मजल्यावर, एकाच बोर्डाखाली. पण त्या मजल्यावर खिडकीची केबिन एकच होती. ती डॉक्टरांना हवी होती आणि मॅडमनाही हवी होती. भांडण विकोपाला गेलं, तेव्हा व्यवस्थापनाने तोडगा काढला: विभागाचे दोन तुकडे करायचे, थायरॉइड दुसऱ्यावर, शुगर तिसऱ्यावर, दोघांनाही खिडकी. खिडक्या मिळाल्या. माणसाच्या शरीराला मात्र कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझे असे दोन तुकडे केले तर चालेल का.

तेव्हापासून दोघांचा अबोला. एक लिफ्टमध्ये असला तर दुसरा पुढच्या फेरीची वाट बघायचा. "यांच्या रुसव्याने माझे दोर झिजतायत," मामा म्हणायचे. "नवराबायकोसुद्धा इतकं मन लावून भांडत नाहीत."

बटण दोघांमध्ये चेंडूसारखी टोलवली जात होती. ती खाली म्हणाली, वजन उतरतंय. खालच्यांनी थायरॉइडची गोळी कमी केली, बहुतेक तीच जास्त होतेय म्हणाले. वर म्हणाली, वजन उतरतंय. वरच्यांनी शुगरच्या गोळ्या वाढवल्या. तुम्ही नीट घेत नसणार म्हणाल्या. घरी आईने साखरेचा डबा कुलपात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

"लहानपणी बोटाने साखर चाटायचीस, तेव्हाच सांगत होते मी."

"आई, मी सात वर्षांची होते."

"साखर लक्षात ठेवते," आई म्हणाली.

दादा फोनवर वाचून रोज एक नवा उपाय सांगायचा. एक दिवस म्हणाला, "तुझा प्रॉब्लेम राग आहे, बटण. राग सोड, शुगर उतरेल."

बटणने त्याच्याकडे पाहिलं. त्याने आपणहून खोली सोडली. शुगर तिथेच राहिली.

राग होता, यात खोटं काही नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो उठून बसलेला असायचा. तिला मरायची भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय असं म्हटलं की लोक पाठ थोपटतात. रागावलं की निदान लांब तरी उभे राहतात. ती आतून झडत चालली होती आणि दोन शिकलेली माणसं तिला आपापल्या वाटणीपुरती बघत होती. मधली बटण कुणाच्या वाटणीला आलीच नव्हती.

तर त्या, न घडलेल्या, दिवशी मोठ्या लिफ्टचं सर्व्हिसिंग होतं. लिफ्टच्या केबिनच्या छतावर चढायचं, तर त्याची एक रीत असते. केबिन दुसऱ्या मजल्यावर थांबवायची. मामा तिथे उभे राहून आत डोकावणार आणि ओरडणार, "रिकामी!" मग तिसऱ्या मजल्यावर बटण आपल्या किल्लीने बाहेरचं दार उघडणार, आणि समोर आलेल्या छतावर उतरणार. ती आरोळी ऐकल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. कारण केबिन चालू असताना बाहेरचं दार उघडलं, तर लिफ्ट असेल तिथे जागच्या जागी थांबते, आणि आतली माणसं देवाचं नाव घ्यायला लागतात.

सकाळपासून बटणला मळमळत होतं. श्वास खोल, धावून आल्यासारखा. मशीन रूममध्ये मामांनी नाक वर करून इकडेतिकडे हुंगलं.

"कसली फळं सडतायत? केळी विसरलीस का पिशवीत?"

"आठवडाभर फळाला हात लावलेला नाही."

"मग मोटार केळी खायला लागली असेल."

खाली मामांनी पाटी लावली: काम चालू, लिफ्ट बंद. वर सगळ्यात शेवटच्या मजल्यावर संचालकांनी तातडीची बैठक बोलावली होती, सगळ्या विभागप्रमुखांची. मॅडम तळमजल्यावरून येत होत्या, पाटी त्यांच्यासाठी नव्हतीच. पाट्या पेशंटसाठी असतात. त्या आत शिरल्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर समोर डॉक्टर. त्यांनी मॅडमना पाहिलं, पाऊल मागे घेतलं, मग बैठक आठवली. यावेळी जो थांबेल तो हरणार होता. डॉक्टर छाती काढून आत गेले. मामा धावत आले तोवर दार लागलं होतं. ते वरच्या दिशेने ओरडले, "थांब! माणसं आहेत!"

बटणने ते ऐकलं नाही. ती तिसऱ्या मजल्याच्या कूलरपाशी तोंड लावून पाणी पीत होती. तहानेपुढे तिला ना आरोळी उरली होती, ना रीत. तोंड पुसत ती परत आली, आरोळी झाली असणार असं धरलं, आणि किल्ली फिरवली.

लिफ्ट गचका खाऊन थांबली. इतकी वर्षं काम करून बटणने ही चूक कधी केली नव्हती. ती छतावर चढली, तिथलं लाल बटण दाबून लिफ्ट आपल्या ताब्यात घेतली, मागचं दार ओढून घेतलं, आणि माफी मागायला छताची झडप उघडली. ती फक्त वरूनच उघडते.

खाली दोन कोपऱ्यांत दोन डॉक्टर, एकमेकांकडे पाठ करून.

माफी तिच्या ओठांपर्यंत आली होती. तिथेच विरघळली.

"कोण आहे वर?" डॉक्टर गरजले. "अगं, तू! लिफ्ट चालू कर."

"दुरुस्तीला वेळ लागेल."

"किती?"

"तुम्ही दोघं बोलेपर्यंत."

"कुणाशी?" मॅडमनी विचारलं, अगदी मनापासून.

"इथे तिसरं कोण आहे? मी तर मजल्यामजल्यात विभागलेली आहे."

"हे बघा, तुम्ही पेशंट आहात म्हणून—"

"कुणाची पेशंट? यांची की तुमची? यांना सांगितलं की वर विचार. तुम्हाला सांगितलं की खाली विचार. आज मी मध्ये आहे. आता सांगा कुठे विचारू." तिचा आवाज शाफ्टमध्ये घुमून परत येत होता, त्यामुळे ती स्वतःशीच सहमत होतेय असं वाटत होतं. "वजन पडलं, यांनी गोळी कमी केली. तेच वजन, तुम्ही गोळ्या वाढवल्या. मी काय रेडिओ आहे, एकाने आवाज कमी करायचा, दुसऱ्याने वाढवायचा?"

खालून दुसऱ्या मजल्यावरून मामांचा आवाज आला, "बटण! काय झालं गं? दोर तुटला का?"

"नाही मामा! ओपीडी चालू आहे!"

डॉक्टरांनी वर बघतच, भिंतीशी बोलावं तसं विचारलं, "कुणी हिची शुगर कधीपासून वाढली ते सांगेल का?"

"सहा महिने," मॅडमही भिंतीलाच म्हणाल्या. "वयाने लहान आहे, पण टाइप टू धरून चाललोय. कुणी हिचा थायरॉइड कशाने गेला ते सांगेल का?"

"ऑटोइम्यून. अँटिबॉडी भरमसाट होत्या."

मॅडमनी पहिल्यांदाच भिंत सोडली आणि डॉक्टरांकडे पाहिलं. "ऑटोइम्यून? मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

"मी सांगितलं होतं!" बटण वरून ओरडली. "थायरॉइड आहे म्हटलं, तर म्हणालात ते खाली!"

दोघांनीही एकदम खाली बघितलं. शिकलेल्या माणसांना आपण काय विसरलो ते आठवतं, तेव्हा ती अशीच जमिनीकडे बघतात.

"बारीक पोरगी," मॅडम हळूच म्हणाल्या. "थायरॉइडवर अँटिबॉडी. गोळ्यांनी शुगर हलत नाही. वजन पडतंय."

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा काढून उगाच पुसायला लागले.

"काय हो?" बटणला आता छतावर बसावं लागलं होतं. डोळ्यांपुढे दोर एकाचे दोन दिसत होते. "मलाही सांगा. माझंच शरीर आहे म्हणे."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "जी फौज थायरॉइडवर जाते, ती काही लोकांत स्वादुपिंडावरही जाते. तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना एक आहे, त्यांना दुसरं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तेव्हा गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिनच लागतं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हे... सगळ्यांनाच माहीत असतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तीन वर्षांपूर्वी. उद्या आणखी कशावर तुटून पडली तर, म्हणून. तुम्ही घंटी वाजवलीत."

डॉक्टरांना काही आठवेना. त्यांना घंटी आठवली असावी, कारण त्यांचा हात हवेतच कुठेतरी थांबला.

"माझ्याच घरच्या गड्यांनी माझी एक खोली जाळली, हे तुम्हाला ठाऊक. शेजारच्या खोलीतून धूर येतोय, हे यांना ठाऊक. आणि दोघं आपापल्या खिडकीत बसून हवा खाताय!"

"एक मिनिट," मॅडम एकदम म्हणाल्या. त्यांनी नाक वर केलं, मामांनी केलं होतं अगदी तसं. "जरा खाली वाक. झडपेतून तोंड आत घे. श्वास सोड."

बटणने वाकून श्वास सोडला. रागात असल्यामुळे तो भरपूर निघाला.

सडक्या फळांचा वास. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "अगं, कधीपासून असा श्वास लागलाय? उलटी झाली?"

"सकाळपासून. मामांना वाटलं मोटार केळी खातेय."

"हिच्या रक्तात आम्ल साठलंय," मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या, आणि कुणीही भिंतीकडे पाहिलं नाही. "इन्सुलिन संपलंय हिच्यात. आत्ता, या क्षणी खाली उतरवायला हवी. लिफ्ट चालू कर गं!"

"आधी कबूल करा."

"काय?"

"दोघं मिळून बघाल. एका टेबलावर."

"अगं बाई, तू कुठल्याही क्षणी बेशुद्ध पडशील!"

"मग लवकर कबूल करा."

"करतो!" डॉक्टर ओरडले. "करतो, करतो, दोघं मिळून बघतो, आईशप्पथ!"

मॅडमनीही मान हलवली. बटणने ती हललेली नीट पाहून घेतली.

मग तिने वर जायचं बटण दाबून धरलं. आपल्याला वाचवणाऱ्या दोन माणसांना स्वतःच लिफ्टने पोचवणारी ती बहुधा पहिलीच पेशंट. तिसऱ्या मजल्याला केबिन लागली, दार उघडलं, दोघं बाहेर पडले, आणि त्याच क्षणी छतावर बटण दोरांना टेकून घसरली.

केबिन तिसऱ्याला म्हणजे छत चौथ्याला, हे ओळखून मामा तोवर जिन्याने चौथ्यावर पोचले होते. त्यांनी किल्लीने तिथलं दार उघडलं. मागोमाग दोन्ही डॉक्टर धापा टाकत आले. म्हणजे डॉक्टर जिना चढले होते हे अगदीच खोटं नाही. तिघांनी तिला ओढून बाहेर घेतलं. एका खांद्याला थायरॉइड, दुसऱ्या खांद्याला शुगर, आणि पायांकडून मामा, "हळू, हळू, माल नाजूक आहे," करत.

"खाली माझ्याकडे नेऊ," डॉक्टर म्हणाले.

"ही माझी पेशंट आहे," मॅडम म्हणाल्या.

बटणने अर्धवट शुद्धीत एक शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही, पण तिने काम केलं. चौथा मजला हाडांचा वॉर्ड होता. समोर रिकामा पलंग होता. सलाईन तिथेच लागली, इन्सुलिन तिथेच सुरू झालं, मग तिला आयसीयूत हलवलं. कागदोपत्री आजही ती हाडांची पेशंट आहे. तिची हाडं उत्तम आहेत.

दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडून पडली होती, तेव्हा आई उशाशी होती. कमरेला किल्ली नव्हती.

"साखर नव्हती गं कारण," आई म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, तू साखर चाटली नसतीस तरी हेच झालं असतं." थोडा वेळ ती चादर सारखी करत राहिली. चादर सारखीच होती. "मी उगाच बोलले तुला."

बटणने आईचा हात धरला आणि रागानेच दाबला. तिला दुसऱ्या कशाने दाबता येत नव्हतं.

स्वादुपिंडाच्या अँटिबॉडींचा रिपोर्ट आला. भरमसाट.

इथवर सगळं गोड झालं असतं. पण लिफ्ट अडकली म्हणजे चौकशी आली, आणि चौकशी आली म्हणजे हे आलं की दोन विभागप्रमुख पाटी असताना आत शिरले, आणि शिवाय हेही की ते एकमेकांशी बोलले. म्हणून लिफ्ट अडकलीच नव्हती असं ठरलं. मामांनाही तसं लिहून द्यावं लागलं. "मी इतक्या वर्षांत न अडकलेल्या लिफ्टमधून पहिल्यांदा माणूस ओढून काढला," ते म्हणाले. आणि जे बोलणं झालंच नाही, त्यातला शब्द कोण पाळणार? दोन खिडक्या जिथल्या तिथे. टेबल एक झालं नाही. बटण इन्सुलिनसाठी तिसऱ्यावर जाते, थायरॉइडसाठी दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडे पहिल्यापासून सांगते.

गेल्या महिन्यात तिची धाकटी बहीण जेवता जेवता ताटावर झोपली. गळा सुजलेला. बटण स्वतः तिला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. फौजेचं डोकं फिरलं होतं, घराण्यातलीच फौज. बटणने टेबलावर दोन्ही हात टेकले.

"हिच्या शुगरच्या अँटिबॉडी आत्ताच करायच्या. माझं काय झालं ते माहीत आहे तुम्हाला."

डॉक्टर काचेतून बाहेर बघत होते. खिडकीतून खरंच छान दिसतं.

"ते वर विचार," ते म्हणाले.

धाकटीने ताईकडे पाहिलं. तिला वाटलं, आता टेबल उडणार. पण बटण शांत झाली. ही तिची सगळ्यात वाईट अवस्था, हे घरातल्यांना ठाऊक आहे. तिने धाकटीचा हात धरला, तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं, मॅडमच्या दारात बसवलं, आणि रक्त घेतल्याशिवाय आम्ही इथून उठणार नाही, दार लावायचं तर आमच्या पायांवर लावा, असं सांगितलं. रक्त घेतलं गेलं. मग गच्चीवर जाऊन, मोटारीच्या घरघरीत, स्टुलावर बसून तिने व्यवस्थापनाला अर्ज लिहिला. मामांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. अर्ज असा:

"विषय: अडीचाव्या मजल्यास मान्यता मिळणेबाबत.

महोदय, आपल्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान मजला नाही, याची मला कल्पना आहे. परंतु माझ्या माहितीप्रमाणे या इमारतीत थायरॉइड व शुगर हे दोन विभाग एकमेकांशी फक्त त्याच ठिकाणी बोलतात. तरी मोठ्या लिफ्टला सदर ठिकाणी रोज सकाळी अधिकृत थांबा मंजूर व्हावा, दोन्ही विभागप्रमुखांनी त्या वेळी केबिनमध्ये हजर राहावे, आणि झडप उघडण्याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकारांकडे द्यावी. केबिनला खिडकी नाही, त्यामुळे ती कुणाला मिळावी हा प्रश्न उद्भवणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीची पुढची तपासणी याच मजल्यावर व्हावी, ही नम्र विनंती."